गायब मास्तरांचा पाचवा आठवडा

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. ते रफू करत. कोटाला सिगारेटचं भोक पडो, स्वेटरला कसर लागो की नवी कोरी पँट खिळ्याला अडकून टरकन फाटो, मास्तरांच्या हातून परत आलेलं कापड गिऱ्हाईक उजेडात धरून उलटंसुलटं करायचं आणि शेवटी शरण येऊन विचारायचं की भोक होतं तरी कुठं. मास्तर चेहरा अगदी कोरा ठेवून म्हणायचे, "कुणास ठाऊक. गायब झालं." त्यावरून त्यांना गायब मास्तर हे नाव पडलं ते कायमचं. खरं नाव फॉर्म भरतानाच काय ते लागायचं.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कुणी रफूला ठिगळ म्हटलं की मास्तरांना तो अपमान वाटायचा. ठिगळ कुणीही लावील. रफूला त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून काढायचे, भोकावर एकेक करून उभे ताणायचे, आणि मग आडवा धागा एकाखालून, एकावरून असा विणत न्यायचा. नखाएवढ्या भोकाला दोन-अडीच तास लागत. काळ्यावर काळं असेल तर अख्खा दिवस. शिंपीमित्राच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती आणि ऊन खिडकीत असेपर्यंतच ते काम करत. दिव्याच्या उजेडात काळं कापड ते हातात धरत नसत. त्यांच्या मते दिवा लबाड असतो, नसलेलं दाखवतो आणि असलेलं लपवतो.

या कामात बोटं दुय्यम. मास्तर म्हणायचे की बोटं काय, माकडालाही असतात. सगळा खेळ डोळ्यांचा. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लागली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुढे चष्म्याची सवय झाली. आणि एक्कावन्नाव्या वर्षी नवल घडलं, चष्मा उतरला. सुईत दोरा बिनचष्म्याचा जाऊ लागला. शिंपी म्हणाला की मास्तर, तुमचं वय उलटं चाललंय, असंच चाललं तर दोन-चार वर्षांत तुम्हाला दुधाचे दात येतील. मास्तर खूश झाले. बायकोला मात्र दुसरंच दिसत होतं. नवऱ्याला तहान फार लागत होती, घटकेघटकेला उठावं लागत होतं, आणि अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. जन्मभर भोकं बुजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. ती म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. मास्तर म्हणायचे, काय दाखवू, चष्मा उतरला ते?

मग बोटाला सुई टोचली. तशी ती रोजच टोचायची, पण ही जखम चिघळली आणि तीन आठवडे भरेना. तेव्हा शिंप्यानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर साखर चारशेच्या घरात.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान, पण कामाला चोख होती. तिचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे बऱ्याच जणांनी खापर तिच्या माथी फोडलं. बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना तिनं मास्तरांना पुरी वीस मिनिटं दिली. तिनं कागदावर एक ताट काढलं. अर्ध्या ताटात भाज्या, एका पाव भागात डाळी नाही तर अंडं, उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी, आणि तोही मुठीएवढा. चहात साखर नाही. फळ खायचं, रस प्यायचा नाही. उपाशी राहायचं नाही आणि एका वेळी ओकेपर्यंत खायचंही नाही. जेवणाबरोबर गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. रोज पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आणि रोज अर्धा तास झपाझप चालायचं.

"काम काय करता?" तिनं विचारलं.

मास्तर तोंड उघडणार तोच शिंपी म्हणाला, "बैठं काम आहे, डॉक्टर. दिवसभर खुर्चीत. जरा दम भरा त्यांना."

मित्राच्या मनात काळजीच होती. डॉक्टरणीनं फॉर्मवर 'बैठं काम' असं लिहिलं आणि चालण्यावर आणखी पाच मिनिटं बोलली. डोळ्यांची तपासणी करून घ्या, तेही तिनं सांगितलं, त्याची चिठ्ठीही दिली. सहा आठवड्यांनी या म्हणाली, आणि मध्ये काही वेगळं वाटलं तर वाट बघू नका, लगेच या. 'रफू' हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारलाच नाही. उच्चारला असता तर तिनं आणखी एक वाक्य सांगितलं असतं.

घरी बायकोनं तो ताटाचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवला आणि डोळ्यांत तेल घालून त्याचा अंमल सुरू केला. बटाटे घरातून हद्दपार झाले. भात वाटीनं मोजला जाऊ लागला. मास्तर ताटाकडे बघून म्हणायचे, हे माणसाचं ताट आहे की बकरीचं? पण खायचे. बायकोही तेच खायची. नवऱ्यासमोर आपण गोड चहा प्यायचा हे तिला बरं वाटेना, म्हणून तिनं स्वतःचीही साखर सोडली आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी मास्तर आणि शिंपी चालायला जात. शिंपी लठ्ठ, तो धापा टाकायचा. मास्तर पुढे आणि तो मागे, पाहणाऱ्याला वाटावं की औषध शिंप्यालाच दिलंय. आठवड्याभरात तहान कमी झाली, झोप लागू लागली, बोटाची जखम सुकली. बायकोला वाटलं, सुटलो.

नवव्या दिवशी मास्तरांना सुईचं नेढं दिसेना.

त्यांनी डोळे चोळले, तोंड धुऊन आले. मग खणातून जुनी चाळिशी काढून लावली, तरी धुकंच. हात लांब केला तर थोडं दिसायचं, पण तेवढ्या लांबून रफू होत नाही. ते शिंप्याला काही बोलले नाहीत. चार दिवस हाताला दुखतंय असं सांगून त्यांनी काम टाळलं. घरात बायकोला कळलं ते भाजी निवडताना. मास्तर जवळ बसून निवडू लागले आणि अळी तशीच ठेवून चांगलं पान फेकून दिलं.

ती म्हणाली, डॉक्टरणीकडे चला. मास्तर म्हणाले, डोळ्याचं तिला काय कळतंय, ती साखरेची. आत त्यांना भीती वाटत होती. डोळे गेले हे कुणी तोंडावर सांगितलं तर मग ते खरंच गेले, असं त्यांना वाटायचं. डोळे तपासायची चिठ्ठी त्यांनी त्याच भीतीपोटी खिशातून खणात टाकली. ते चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं यंत्रात बघितलं आणि नंबर चांगलाच वाढलाय म्हणाला. फ्रेम तीच ठेवली आणि जुन्या काचा काढून जाड काचा बसवल्या. जुन्या काचा त्यानं केराच्या डब्यात टाकल्या.

नव्या काचांनी दहा-बारा दिवस बरे गेले. मास्तरांनी तुंबलेली कामं घेतली. आणि चौथा आठवडा सरता सरता पुन्हा सगळं बिघडलं, ते वेगळ्याच तऱ्हेनं. आता कापड नाकाला लावलं तरच दिसायचं, जरा दूर नेलं की पुसट. म्हणजे नव्या काचासुद्धा हरल्या. मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला, एका महिन्यात दोनदा डोळे उतरले, अशानं वर्षभरात काठी येणार हातात.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका कोट घेऊन आल्या. राखाडी, बारीक विणीचा. त्यांच्या नवऱ्याचा होता, ते जाऊन आठ वर्षं झाली होती. तीन आठवड्यांनी मुलाचं लग्न होतं आणि मुलाला वडिलांचाच कोट घालायचा होता. छातीवर डावीकडे कसरीनं भोक केलं होतं. मास्तरांनी नाही म्हणायला हवं होतं, पण तीस वर्षांत ते कधी नाही म्हणाले नव्हते. नाकाला कापड लावून, मान मोडेपर्यंत त्यांनी दोन दिवस विणलं. कुठे दोन धागे एकत्र उचलले गेले, कुठे एक सुटला, ते त्यांचं त्यांना दिसत नव्हतं, बोटांना मात्र कळत होतं.

बाईंनी कोट उलगडला. भोक होतं तिथे थेट बोट ठेवलं, शोधावं लागलं नाही. तिथे एक गाठाळ, जाडसर चट्टा होता. बाई सभ्य होत्या. त्या थोडा वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चालेल, मास्तर. इथं फूल लावता येईल."

त्या ओरडल्या असत्या, पैसे परत मागितले असते, तर मास्तरांनी सहन केलं असतं. हे जिव्हारी लागलं. ते तसेच उठले आणि भर दुपारी घरी आले.

बायकोनं काय झालं ते विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाठ हलत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, या माणसाला रडताना तिनं पाहिलं नव्हतं. सासू गेली तेव्हाही नाही. तिला काय करावं सुचेना. आपल्या हातात काय आहे, तर चूल. तिनं चहा टाकला. मग स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा डबा काढला, आणि कपात दोन चमचे साखर घातली, जरा थांबून आणखी अर्धा.

"आजचा दिवस घ्या," ती म्हणाली. "उद्यापासून नको."

मास्तरांनी चहा घेतला. चौतीस दिवसांनी. कप खाली ठेवून ते म्हणाले, "या गोळ्यांनीच डोळे खाल्ले माझे. गोळ्या सुरू व्हायच्या आधी चष्मासुद्धा लागत नव्हता मला."

तिनं विचार केला. खोटं काय होतं त्यात? तिनं स्वतः पाहिलं होतं, साखर अंगात होती तेव्हा हा माणूस बिनचष्म्यानं सुई ओवत होता. दुसऱ्या दिवशी गोळ्यांच्या पाकिटातली गोळी तशीच राहिलेली तिला दिसली. ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कपाटावरचा कागद मास्तरांनी फाडला नाही, तो आपसूक सुटून पडला, आणि तिनं तो पुन्हा चिकटवला नाही.

पंधरा-सोळा दिवस गेले आणि चमत्कार झाला. धुकं हटलं. चष्मा कपाळावर सरकवून मास्तरांनी सुई उजेडात धरली, दोरा सरळ आत गेला. ते उठले ते तडक मुख्याध्यापिकांच्या घरी, लग्नाला चार दिवस उरले असताना. हातापाया पडून कोट मागून आणला, आपलंच काम उसवलं, आणि दिवसभर खिडकीत बसून पुन्हा केलं. बाईंनी या वेळी कोट खिडकीशी नेला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी घरी जाताना मास्तरांची चाल नवरदेवाची होती.

आता एवढं झाल्यावर कोण ऐकणार? हाताच्या काकणाला आरसा कशाला! गोळी घेतली, डोळे गेले. गोळी सोडली, डोळे आले. इतका उघडा पुरावा समोर असल्यावर वीस मिनिटांत ताट काढून देणाऱ्या डॉक्टरणीवर कोण विश्वास ठेवणार? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर आपली गोष्ट सांगू लागले. शिंप्यालाही पटली. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा बायकोनं उचलला आणि ते परगावी गेलेत म्हणून सांगितलं. खोटं बोलताना तिची जीभ अडखळली, पण खिडकीत बसलेला नवरा तिला डोळ्यांसमोर दिसत होता.

मास्तरांनी सगळंच सोडलं असंही नाही. चालणं चालू ठेवलं, भाजी खाल्ली, मिठाई तशीही कधी आवडायची नाही. आपण निम्मं पाळतोय यातच त्यांना समाधान होतं. निम्म्याचं दुखणं असं की माणसाला पूर्ण केल्यासारखं वाटतं. अशी सहा वर्षं गेली. पाय बधिर होत गेले, रात्री तळव्यांना मुंग्या यायच्या, दोन दात हलून पडले. डोळे मात्र शाबूत होते, निदान मास्तरांना तसं वाटत होतं. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही, आणि तिथे दुखतही नाही.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते एक पांढरा सदरा घेऊन बसले होते. सदऱ्यावर काळा धागा दिसला, वळलेला. त्यांनी चिमटीत धरून काढायला पाहिला. हाती लागेना. सुईच्या टोकानं उचलायला गेले तर धागा बाजूला सरकला. सदरा झटकला, तरी धागा तिथेच. मग आणखी एक दिसला, मग गुंताच. मास्तरांनी सदरा शिंप्याकडे दिला आणि म्हणाले, यावर काळे धागे कुणी सांडलेत रे? शिंप्यानं पाहिलं. सदरा स्वच्छ होता. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं, धागे भिंतीवर होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डाव्या डोळ्यापुढे तांबडा-काळा पडदा पूर्ण उतरला होता.

डोळ्यांच्या इस्पितळात एका वेळी एकालाच आत सोडत. बायको बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसली आणि मास्तर आत गेले. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकण्याआधी विचारलं की काम काय करता. सहा वर्षांपूर्वी जे सांगायचं राहिलं होतं ते मास्तरांनी आता सांगितलं.

"रफू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तो शब्द कागदावर लिहिला.

तपासणी बराच वेळ चालली. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि पडदा ओढला गेला होता, तिथे फारशी आशा नव्हती. उजव्यालाही तीच कीड लागली होती, लेझरनं ती थोपवता येईल. दार दिसेल, माणूस ओळखू येईल, ताटातलं दिसेल. सुई नाही. मास्तरांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी साखरेचं औषध कधी सुरू केलं, कधी सोडलं ते विचारलं, आणि मास्तरांनी आपली नेहमीची गोष्ट सांगितली. चष्मा कसा उतरला, गोळ्यांनी डोळे कसे गेले, नव्या काचाही कशा हरल्या, आणि सोडल्यावर कसे परत आले. ही गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल. या वेळी ऐकणारा माणूस मध्येच चष्मा काढून डोळे चोळू लागला.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. साखर फार वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. त्यानं जवळचं स्पष्ट दिसायला लागतं, चाळिशी उतरल्यासारखी वाटते. ते बरं होणं नसतं, आजारच असतो. औषधानं साखर खाली आली की भिंग पूर्ववत व्हायला लागतं, आणि ते होईपर्यंत जवळचं दिसत नाही. पाच-सहा आठवडे जातात. तोवर चष्मा बदलायचा नसतो.

"नव्या काचा चौथ्या-पाचव्या आठवड्यात लागेनाशा झाल्या म्हणालात ना," ते म्हणाले, "त्या मधल्या दिवसांच्या होत्या. तुमचे डोळे मूळ नंबरावर परत येत होते."

"म्हणजे तेव्हा ते बरे होत होते?"

"हो. जुन्या काचा लावल्या असत्या तर दिसलं असतं. आणखी आठ-दहा दिवस थांबायचं होतं."

केराच्या डब्यात पडलेल्या काचांचा आवाज मास्तरांना आठवत होता. त्यांना चौतिसावा दिवस आठवला, दुपारची वेळ, स्टूल ओढल्याचा आवाज, कपात फिरलेला चमचा. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर कोण आहे सोबत, त्यांना आत बोलावू का, सगळं त्यांनाही नीट समजावून सांगतो.

"नको," मास्तर म्हणाले. "मी सांगतो तिला."

भिंतीला हात लावत ते बाहेर आले. बायको उठून उभी राहिली. ते काय सांगणार ते तिनं त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न केला, पण गिऱ्हाइकापुढे कोरा ठेवायचा तो चेहरा त्यांना अजून जमत होता.

"काय म्हणाले?"

"वयाचं आहे. या कामात डोळे जातातच म्हणाले. तीस-पस्तीस वर्षं टिकले हेच पुष्कळ."

"मग गोळ्या सोडल्या त्याचं काही..."

"त्याचा काही संबंध नाही. आता पुन्हा सुरू करायच्या, पाय वगैरे जपायला. पण डोळ्यांशी संबंध नाही."

जिना आला तेव्हा तिनं त्यांचा दंड धरला आणि खाली बघत, पायऱ्या मोजत असल्यासारखी म्हणाली, "सहा वर्षं मला आत कुठंतरी लागून राहिलं होतं. म्हटलं, त्या दिवशी मी चहात साखर घातली नसती तर..."

"कुठल्या दिवशी?" मास्तर म्हणाले. "मला नाही आठवत."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढची पायरी कुठे आहे ते ती त्यांना सांगू लागली, आणि मास्तर तिच्या आवाजावर एकेक पाय खाली टाकत उतरू लागले.